हिंदनगरचं तिसरं दार

लहानपणी मला वाटायचं, हिंदनगर ही सांगलीकडची एखादी वसाहत असणार. आमचे नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, अंगणात बाजेवर बसले की म्हणायचे, "आम्ही हिंदनगरला होतो तेव्हा..." आणि मग थंडी सुरू व्हायची. रात्री बादलीत ठेवलेलं पाणी सकाळी फोडून घ्यावं लागायचं. दाढीचा ब्रश ताठ व्हायचा. सांगलीकडे पाणी कसं गोठतं, हे काही मी त्यांना विचारलं नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात घरटी एक फौजी. म्हाताऱ्या फौज्यांनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही पोरं ऐकायचो त्या खऱ्या मानूनच.

नाना गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी रुमालात बांधलेली पदकं होती. त्यातल्या विदेश सेवा पदकाच्या फितीवर एक छोटी धातूची पट्टी होती, त्यावर 'कोरिया' असं कोरलेलं. तेव्हा माझं वय तिशीच्या पुढे होतं. हिंदनगर कुठे होतं हे त्या दिवशी कळलं, आणि तिथून मी जनरल कोदंडेरा सुबय्या थिमय्या या माणसापाशी जाऊन पोहोचले. नाना त्यांना नुसतं 'तिमय्यासाब' म्हणायचे.

मला खरं तर एका सेनापतीच्या मुत्सद्देगिरीबद्दल लिहायचं आहे. पण हे सगळं माझ्यापर्यंत आलं ते एका नाइकाच्या, म्हणजे नानांच्या तोंडून, म्हणून तो नाईक मधूनमधून डोकावणार.

निवृत्त सेनापतींना राजदूत करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. करिअप्पा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उच्चायुक्त म्हणून गेले, जयंतनाथ चौधरी कॅनडाला, बेवूर डेन्मार्कला, रैना पुन्हा कॅनडाला. या यादीत थिमय्यांचं नाव नाही. त्यांच्या नावामागे राजदूत हा शब्द कधीच लागला नाही. तरी या सगळ्यांत सर्वांत अवघड शिष्टाई थिमय्यांच्याच वाट्याला आली, असं माझं ठाम मत आहे.

शिष्टाई हा आपला जुना शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कृष्णशिष्टाई युद्धाच्या आधीची. ती फसली आणि महाभारत झालं. अंगदाची शिष्टाईही आधीचीच. पण अंगद मुळात योद्धा. गोड बोलणारे दुसरे कितीतरी असताना रामाने रावणाच्या दरबारात त्याला धाडलं, आणि त्याने काय केलं, तर भर दरबारात पाय रोवला. तो पाय कुणाला हलवता आला नाही. कोरियातल्या त्या महिन्यांबद्दल वाचताना मला सारखा तो पाय आठवतो. फरक एवढाच, की थिमय्यांना युद्ध संपल्यावर आणि दोन दरबारांच्या मधोमध पाय रोवायचा होता.

कोरियातलं युद्ध १९५० च्या जूनमध्ये सुरू झालं. १९५१ च्या जुलैत तहाची बोलणी लागली, आणि सीमारेषेसारख्या गोष्टींवर कसंबसं जमत आलं तरी एका प्रश्नावर ती दीड वर्षाच्या आसपास अडून राहिली. तो प्रश्न युद्धकैद्यांचा. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे लढाई थांबली की कैद्यांना बिनाविलंब मायदेशी पाठवायचं. करार लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं, की कैद्याला घरीच जायचं असणार. इथे हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. निदान अमेरिकनांच्या बाजूचं तसं म्हणणं होतं. चीनचं म्हणणं, हे त्यांच्याकडून धाकदपटशाने वदवून घेतलंय. दोन्ही म्हणण्यांत थोडं थोडं खरं होतं आणि खरी पंचाईत तीच होती. बोलणी चालू होती तोवर समोरासमोरच्या खंदकांत रोज माणसं मरत होती.

डिसेंबर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत कृष्ण मेनन यांनी आणलेल्या ठरावातून वाट निघाली. पुढे वाटाघाटींत ठरलं ते असं: पाच तटस्थ देशांचा आयोग नेमायचा. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्षपद भारताकडे, आणि कैद्यांवर पहारा ठेवणारी फौजही एकट्या भारताची. आता हे पाच देश नीट पाहा. दोन एका गोटाला जवळचे, दोन उघडउघड दुसऱ्या गोटातले. म्हणजे ज्या बाबतीत मतभेद होईल तिथे मतं दोनास दोन पडणार, आणि पाचवं मत भारताचं. प्रत्येक निर्णय एका बाजूला अन्यायाचा वाटणार आणि त्याचं खापर एकाच माणसाच्या माथी फुटणार, हे खुर्चीवर बसण्याआधीच ठरलेलं होतं. त्या खुर्चीवर थिमय्यांना बसवलं. त्यांच्या जोडीला बी. एन. चक्रवर्ती, पी. एन. हक्सर यांच्यासारखे परराष्ट्र खात्यातले मुरलेले अधिकारी होते, पण अध्यक्ष सैनिक होता.

हा सैनिक कसा होता? जन्म १९०६ चा, कोडगूतल्या मडिकेरीचा. शिक्षण सँडहर्स्टला, १९२६ मध्ये कमिशन. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात, अराकानच्या किनाऱ्यावर, कांगॉच्या लढाईत आपल्या पलटणीचा कमांडर. पण मला त्यांच्यातला सैनिक दिसतो तो १ नोव्हेंबर १९४८ रोजी. काश्मीरमधली झोजी ला ही खिंड साडेतीन हजार मीटर उंचीवर, वर शत्रू दबा धरून बसलेला, आणि खिंड उघडल्याशिवाय लेहकडचा रस्ता मोकळा होणार नाही. थिमय्यांनी तिथे रणगाडे चढवले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्याच्या स्वप्नातही नव्हतं. पत्ता लागू नये म्हणून बुरूज उतरवून, ताडपत्रीखाली झाकून ते खोऱ्यात आणले होते. आणि त्या दिवशी डिव्हिजनचा जनरल स्वतः पुढच्या रणगाड्यात होता.

असा माणूस पाच वर्षांनी तंबूतल्या टेबलाशी बसला, जिथे त्याला एक पाऊल पुढे टाकायची मुभा नव्हती आणि एक पाऊल मागे घ्यायची सोय नव्हती.

पहारा देणाऱ्या फौजेचं नाव कस्टोडियन फोर्स इंडिया. सुमारे सहा हजार माणसं, आणि त्यांचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. हे नाव घेताना नाना बाजेवर सरळ होऊन बसायचे. "थोरातसाब आपले, वडगावचे. कोल्हापूरचा माणूस." थोरातही १९०६ चेच, सँडहर्स्टचेच, कमिशन त्याच १९२६ सालचं. कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये तीन पलटणींचे कमांडर भारतीय होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. त्या लढाईसाठी तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. त्यातले दोघे आता कोरियात पुन्हा शेजारी शेजारी उभे होते, एक आयोगावर आणि एक तारेच्या कुंपणावर. दोघांची मैत्री जुनी होती, आणि मला वाटतं त्या सहा महिन्यांत एवढी एकच गोष्ट भरवशाची होती.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा या योजनेला कडवा विरोध होता. १८ जून १९५३ ला त्यांनी कोणालाही न विचारता आपल्या हद्दीतल्या छावण्यांची दारं उघडून पंचवीस हजारांहून अधिक उत्तर कोरियन कैदी सोडून दिले. युद्धविराम त्याने मोडतो की काय अशी वेळ आली. २७ जुलैला पानमुन्जोमला सह्या झाल्या खऱ्या, पण ऱ्हींनी पुढची अट घातली: एकाही भारतीय सैनिकाचा पाय माझ्या मातीला लागता कामा नये. म्हणून इंचॉन बंदरात आलेली आपली फौज जमिनीवर उतरलीच नाही. बोटींतून ती 'पॉइंट क्रूझ' या अमेरिकी विमानवाहू जहाजावर नेली आणि तिथून हेलिकॉप्टरांनी उचलून थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात ठेवली. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा आभाळ जवळून पाहिलं ते असं. "खाली जमीन दिसत होती, पण त्यांच्या मते आम्ही बाटलेले," ते म्हणायचे. भारताची लष्करी रुग्णसेवेची एक तुकडी, साठावी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, १९५० पासून त्याच मातीवर जखमींची शुश्रूषा करत होती, याचाही विचार झाला नाही.

त्या पट्ट्यात जी तंबूंची छावणी उभी राहिली, तिचं नाव हिंदनगर.

सप्टेंबरअखेर दक्षिणेकडून २२ हजार ६०४ कैदी आपल्या ताब्यात आले. त्यांतले चौदा हजारांवर चिनी, बाकीचे उत्तर कोरियन. उत्तरेकडून आले अवघे ३५९, आणि त्यांत घरी जायला नकार देणारे २३ अमेरिकन व एक ब्रिटिश होता. नियम साधा होता. नव्वद दिवस दोन्ही बाजूंनी आपापली माणसं पाठवून कैद्यांना समजवायचं, की घरी या, तुम्हाला काही होणार नाही. मग तीस दिवस राजकीय परिषदेने उरलेल्यांचा विचार करायचा. एकशे वीस दिवसांनी सुटका.

कागदावर साधाच. पण कैद्यांच्या बराकीत आत वेगळंच राज्य चालू होतं. तिथे म्होरके होते, टोळ्या होत्या, बाहेरून संधान होतं. परत जायचं असं जो बोलेल त्याला रात्री सहकैदीच मारायचे. कित्येक चिनी कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवलेल्या होत्या. काहींनी हौसेने गोंदवून घेतल्या असतील, काहींना धरून गोंदवल्या होत्या. मी या एका गोष्टीपाशी बराच काळ अडकले होते. समजा एखाद्याला आईची आठवण येते आहे. पण त्याच्या दंडावर जे लिहिलंय ते घेऊन तो त्या गावात जाणार कसा? त्याची इच्छा म्हणजे नेमकं काय, हे कुणी ठरवायचं?

पंचवीस सप्टेंबरला कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्यालाच कुंपणाच्या आत ओढून घेतलं. बाहेर आपली हत्यारबंद फौज, आत खवळलेले शेकडो कैदी. गोळी चालवली असती तर ग्रेवाल गेलेच असते, आणि त्यांच्याबरोबर आणखी किती, सांगता येत नाही. थोरात स्वतः आत गेले. बोलले, ग्रेवालांना घेतलं आणि बाहेर आले. या कोरियातल्या कामगिरीसाठी थोरातांना पुढे अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला, ज्याला आता कीर्तिचक्र म्हणतात. लढाई न करता मिळालेलं ते शौर्यपदक आहे. दरवेळी मात्र एवढ्यावर निभावलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंपणाकडे झेपावणाऱ्या कैद्यांवर गोळी चालवावी लागली आणि माणसं मेली. नाना त्याबद्दल काही बोलत नसत. "हात शिवशिवायचे, पण हुकूम नव्हता," एवढंच इतर दिवसांबद्दल सांगायचे, आणि हुकूम होता त्या दिवसाबद्दल गप्प.

समजावण्याचे तंबू १५ ऑक्टोबरला सुरू झाले. प्रत्येक तंबूत पाच देशांचे पाच प्रतिनिधी, मध्ये भारतीय अधिकारी, समोर समजावणारे, दुभाषे, निरीक्षक. कैद्याला आणून बसवायचं. त्याने ऐकायचं. आणि मग उठून जायचं. तंबूला बाहेर पडायची दोन दारं होती: एक मायदेशाकडे, एक पुन्हा कुंपणाकडे. कुणी आत आल्या आल्या किंचाळत दाराकडे धावायचा. कुणी खुर्ची उचलायचा. कुणाला समजावण्यात तासच्या तास जायचे, कारण समजावणारा थांबायला तयार नाही आणि कैदी हलायला. मध्ये बसलेल्या भारतीय मेजरने ठरवायचं, पुरे.

मग कैद्यांनी तंबूत यायलाच नकार दिला. चीनच्या बाजूची मागणी, त्यांना जबरीने आणा. स्विस म्हणाले, जबरी केलीत तर आम्ही चाललो. थिमय्यांनी बळाने ओढून आणण्यास नकार दिला. चिडलेल्या पेकिंगला, म्हणजे चीन सरकारला, भारत अमेरिकेच्या दावणीला बांधलेला दिसू लागला, आणि त्याच आठवड्यांत सोलमधून भारतीय फौजेला कम्युनिस्टांचे हस्तक म्हणून धमक्या येत होत्या. नव्वदांपैकी जेमतेम दहा दिवस तंबूंचं काम चाललं. त्यात काही मोजक्या माणसांनी मायदेशाचं दार धरलं, काहींनी अंधारात कुंपणावरून उड्या टाकून भारतीय पहारेकऱ्याचे पाय धरले, आणि बाकी हजारो तसेच बसून राहिले.

राजकीय परिषद तर भरलीच नाही. त्या परिषदेत भारताला जागा द्यावी की नाही यावर ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांत वाद झाला होता आणि अमेरिकेच्या विरोधामुळे भारताने नाव मागे घेतलं होतं. ज्यांची सहा हजार माणसं बर्फात पहारा देत होती, त्यांना खुर्ची नाही. मला याचा आजही राग येतो.

आता जानेवारी १९५४. मुदत संपत आलेली. अमेरिकन बाजू म्हणते, २३ तारखेला सगळे आपोआप नागरिक होतात, सोडून द्या. चीन म्हणतो, समजावणं पुरं झालेलं नाही, एकालाही सोडू नका, मुदत वाढवा. थिमय्यांनी कराराचा कागद हातात घेतला आणि त्याच्याबाहेर पाऊल टाकलं नाही. परिषद झाली नाही, म्हणजे प्रक्रिया पुरी झाली नाही. सबब आम्हाला त्यांना सोडण्याचा अधिकार नाही. मुदत संपते आहे. सबब त्यांना ठेवण्याचाही अधिकार नाही. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या हाती परत देतो. २० जानेवारीपासून दक्षिणेकडे कैद्यांच्या रांगा निघाल्या. चिनी कैदी पुढे तैवानला गेले. दोन्ही बाजूंनी निषेध आले.

याला यश म्हणायचं का? कोरियाचा प्रश्न सुटला नाही, तो आजही सुटलेला नाही. पण युद्धविराम मोडायला टेकलेला होता आणि त्या महिन्यांत तो मोडला नाही. एक गोष्ट मला खोलवर पटली आहे. झोजी लावर रणगाड्यात बसलेल्या माणसाला गोळीचा आवाज किती लांब जातो हे माहीत होतं, म्हणूनच तो तंबूत एवढा वेळ थांबू शकला. नवशिक्या मुत्सद्द्याला घाई झाली असती. थिमय्यांना त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं.

पुढची वर्षं मी भरभर सांगते, कारण ती सर्वांना माहीत आहेत आणि मला त्यांचा त्रास होतो. १९५७ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. १९५९ च्या ऑगस्टअखेर संरक्षणमंत्री मेनन यांच्याशी बिनसल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. ज्या मेनन यांच्या ठरावातून कोरियातलं काम उभं राहिलं, त्यांच्याशीच. लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख असलेल्या थोरातांनी मार्च १९६० मध्ये 'लाल किला' हा सराव घेऊन चीन आला तर पूर्वेला काय होईल हे मांडून दाखवलं होतं. आपल्यानंतर थोरातांनी लष्करप्रमुख व्हावं ही थिमय्यांची शिफारस होती. ती मानली गेली नाही. मे १९६१ मध्ये दोघेही निवृत्त झाले, आणि १९६२ ला दोघेही घरी होते.

मग १९६४. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर ग्रीक आणि तुर्क एकमेकांच्या जिवावर उठलेले. राजधानी निकोसियाच्या नकाशावर एका ब्रिटिश जनरलने हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली होती, आणि ती रेघ गल्लीबोळांतून, माणसांच्या घरांमधून जात होती. तिथल्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख भारताचेच ले. जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर जुलैत थिमय्या गेले. वय अठ्ठावन्न. हाताखाली पुन्हा सहा हजारांवर माणसं, पुन्हा दोन्ही बाजूंचा संशय. ऑगस्टमध्ये कोक्किनापाशी लढाई पेटली आणि तुर्की विमानांनी बाँब टाकले. या आगीतून रोजची कामं काढायची: कुणाचं पीक कापायचं आहे, कुठला रस्ता उघडायचा आहे, कुठल्या गावाला पीठ पोचलेलं नाही. १९६५ च्या सप्टेंबरात आपला देश लढत होता, आपण घडवलेली फौज लाहोरच्या वेशीवर होती, आणि हे त्या बेटावर दुसऱ्यांचं भांडण धरून बसले होते. त्या रात्री त्यांनी कशा काढल्या असतील?

१८ डिसेंबर १९६५ ला सायप्रसमध्येच हृदयविकाराने ते गेले. पुढच्या वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचं तिकीट काढलं. मडिकेरीतलं त्यांचं लहानपणचं घर, 'सनी साइड', तिथे २०२१ मध्ये संग्रहालय झालं.

नानांना थिमय्या गेल्याची बातमी चावडीवरच्या रेडिओवर कळली. ते घरी आले, अंघोळ केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं माझी आजी सांगायची. घरातलं कुणी गेल्यासारखं सुतक पाळलं, म्हणे. आजीला कोरिया माहीत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं, की आपल्या दिरांचा एक साहेब होता, जो त्यांना मारायला सांगत नसे.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण नानाही ती शेवटी सांगायचे, झोप यायला लागली की.

तंबूला दोन दारं होती, पण त्या हजारोंत अठ्ठ्याऐंशी जण असे निघाले, ज्यांना दोन्ही नको होती. बहुतेक कोरियन, काही चिनी. उत्तर नको, दक्षिण नको, पेकिंग नको, तैवान नको. कुठल्याही तिसऱ्या देशात पाठवा, म्हणाले. करारात तशी सोय होती, पण त्यांना घ्यायला कोणता देश तयार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. थिमय्यांनी त्यांना परत कुणाच्या हवाली केलं नाही. भारतात घेऊन आले. १९५४ च्या फेब्रुवारीत आपली फौज परतली, तशी तीही माणसं बोटीने मद्रासला उतरली. पुढे बरेचसे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

नाना त्याच बोटीवर होते. एक पोरगा, विशीचा असेल, रोज संध्याकाळी कठड्याशी येऊन उभा राहायचा. भाषा एक नाही. एके दिवशी त्याने नानांची बाही ओढली आणि हाताने विचारलं: हिंदुस्थान कुठे? चारी बाजूंना पाणी. नानांना दिशा माहीत नव्हती, आणि माहीत नाही असं त्या पोराला सांगवेना.

"मग काय केलंत?" मी दरवेळी विचारायची.

"सूर्य बुडत होता, पोरी. तिकडे दाखवलं."